पायमोजा वरून विणावा की बोटांकडून?

पायमोजा हाताने विणायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, सुरुवात कुठून करायची. वरच्या बॉर्डरपासून खाली बोटांकडे जायचं, की बोटांच्या टोकापासून वर नडगीकडे? आई-आजीकडून शिकलेल्या बहुतेकींचा हात वरून सुरू करायला सरावलेला असतो. व्हिडिओ बघून शिकलेल्या मुली बोटांकडून सुरू करतात आणि दुसरं काही ऐकून घेत नाहीत. दोन्हीकडच्या मंडळींचा दावा एकच, आमचं सोपं. माझ्या मते सोपं-अवघड हा निकषच चुकीचा आहे. अवघडपणा दोन्हींत आहे, तो फक्त वेगवेगळ्या ठिकाणी गाठतो. ठरवायचं ते दोन गोष्टींवर: हातात लोकर किती आहे, आणि ज्याच्यासाठी विणताय त्याचा पाय समोर आहे का.

कोल्हापुरात लोकरी मोजे घालतं कोण, असं विचारणारे भेटतातच. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १४-१५ अंशांच्या आसपास, त्याला काय थंडी म्हणायची! पण पहाटे रंकाळ्याला फेरी मारणारे, पन्हाळ्यावर राहणारे, गुळगुळीत फरशीवर पाय गारठणारे आजी-आजोबा आणि थंड देशात शिकायला गेलेली पोरं धरली तर घरटी एक तरी गिऱ्हाईक निघतं.

हिशेब दोन्हींचा एकच. समजा चवड्याचा घेर ९ इंच आहे. मोजा पायाला धरून राहावा म्हणून तो साधारण दहा टक्के लहान विणतात, म्हणजे ८ इंच. बारीक मोज्याच्या लोकरीवर, १३ नंबरच्या म्हणजे २.२५ मिलिमीटरच्या सुयांनी इंचाला ८ टाके बसले, तर झाले ६४ टाके. (आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते, ऑनलाइन मागवताना मिलिमीटरच बघा.) वरून विणणारी पहिल्याच फेरीला ६४ टाके घालते, दोन सुलट दोन उलटची बॉर्डर करते, नळी विणत खाली येते, टाच वळवते, तळवा संपवते आणि टाके कमी करत २४ वर आणून टोक बंद करते. बोटांकडून विणणारी दोन सुयांवर १२-१२ टाके घालते, एक फेरी सोडून एका फेरीला ४ टाके वाढवते, १० वेळा वाढवून ६४ वर पोचते आणि तिथून टाच, नळी करत बॉर्डरपाशी टाके बंद करते.

वरून विणताना अवघड जागा शेवटी येते. टोकाला समोरासमोर उरलेले १२-१२ टाके बोथट सुईने असे जोडायचे, की शिवण बोटांना टोचता कामा नये. या जोडणीला पहिल्या महायुद्धातल्या लॉर्ड किचनरचं नाव चिकटलेलं आहे. सुलटसारखी सुई घाल, टाका सोड, उलटसारखी घाल, ठेव, अशी ही चार पावलांची घोकंपट्टी. मध्ये दुधवाला आला की कुठल्या पावलावर होतो ते विसरायला होतं. बोटांकडून विणताना ही जोडणी मुळात लागतच नाही. जूडी बेकर यांनी २००६ साली ‘निटी’ या वेब मासिकात टाके घालायची जी युक्ती दिली, तिच्यात धाग्याची दोन टोकं दोन समांतर सुयांभोवती आलटून पालटून गुंडाळायची असतात. टोक दोन्ही बाजूंनी अखंड आणि सपाट येतं. मात्र पहिल्या तीन-चार फेऱ्या जिवावर येतात. सुया लडबडतात, टाके निसटतील असं वाटत राहतं. एकदा इंचभर झालं की हात बसतो.

बोटांकडून विणणाऱ्यांची परीक्षा असते बॉर्डर बंद करताना. टाचेभोवतीचा तिरका घेर घोट्याच्या घेरापेक्षा बराच मोठा असतो, त्यामुळे स्वेटरच्या गळ्यासारखे नेहमीच्या पद्धतीने टाके बंद केले तर मोजा टाचेवरून चढतच नाही. यासाठी जेनी स्टेमन यांची २००९ सालची ताणली जाणारी पद्धत चांगली. प्रत्येक टाक्याआधी सुईवर एक जादा वेढा घेऊन तो टाक्यावरून ओढून घ्यायचा. वरून विणणाऱ्यांनाही सुरुवातीचे टाके सैलच घालावे लागतात. फरक इतकाच, की वरून विणलेल्या मोज्याची सुरुवात घट्ट झाली तर अख्खा मोजा त्या घट्ट कडेवर उभा राहतो. बोटांकडून विणलेल्याचा शेवट घट्ट झाला तर तेवढी एक फेरी उसवून परत बंद करता येते.

आता लोकरीचं बघू. मोज्याची खरी लोकर म्हणजे साधारण ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन, १०० ग्रॅमला ४०० मीटरच्या आसपास. गावातल्या दुकानात मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक, स्वेटर-टोप्यांसाठीचं. त्याचे घरात घालायचे मोजे होतात, पण बुटात पाय घामेजतो. धनगरी लोकरीचा विचार मनात येत असेल तर तो सोडा. पट्टणकोडोलीच्या यात्रेत खांद्याखांद्यावर जी घोंगडी दिसते, तिची लोकर घोंगडीलाच शोभते. तळव्याला ती टोचेल. म्हणजे नायलॉनमिश्रित लोकर बाहेरून मागवायची. एक लडी मागवली आणि ती संपली, तर त्याच रंगाची त्याच लॉटची दुसरी मिळेलच असं नाही.

इथे बोटांकडून विणण्याला तोड नाही. १०० ग्रॅमची लडी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ५०-५० ग्रॅमच्या दोन गुंड्यांत वाटून घ्या (हौस असेल तर गुजरीतल्या सोनाराचा काटा आहेच). पाऊल झालं, टाच झाली, की नळी धागा पुरेल तितकी उंच न्यायची. शेवटच्या फेरीसाठी मोज्याच्या घेराच्या चौपटीहून थोडा जास्त धागा राखून ठेवला की पुरे. दोन्ही मोजे सारख्याच उंचीचे होतात आणि डब्यात उरलेल्या गोळ्या साचत नाहीत. वरून विणताना नळीची उंची आधीच ठरवून टाकावी लागते. ती जास्त धरली तर लोकर बोटांपाशी संपते, आणि मग टोक वेगळ्या रंगाचं करून ‘डिझाइन आहे’ असं सांगत फिरावं लागतं. कमी धरली तर महागाची लोकर शिल्लक राहते. मध्यम मापाच्या बायकी जोडीला ६५-७० ग्रॅम लागतात, त्यामुळे अंदाज असलेली बाई वरूनही निभावून नेते. मोठ्या पुरुषी पायाला, ११-१२ नंबरच्या बुटाच्या, मी तरी वरून विणायला धजणार नाही.

टाचेवर मात्र जुनी पद्धत सरस आहे, हे कबूल करावंच लागेल. वरून विणताना ३२ टाक्यांवर ३२ ओळींची एक पट्टी करतात. दर सुलट ओळीला एकाआड एक टाका न विणता उचलून घेतला की ती दुपदरी, जाड होते. पट्टीच्या कडांवरून टाके उचलून ते हळूहळू कमी करत पुन्हा ६४ वर येतात, आणि त्यातून घोट्याखाली दोन त्रिकोण तयार होतात. ज्यांच्या पायाचा वरचा भाग उंच आहे त्यांना या त्रिकोणांनी जागा मिळते. बोटांकडून विणताना नवशिक्यांना बहुधा अर्ध्या ओळींची टाच शिकवतात. ओळ संपायच्या आधीच वळायचं, दर वेळी एक टाका आणखी अलीकडे, आणि मग तेच टाके परत जोडून घेत यायचं. दिसायला ती सुबक, दुकानातल्या मोज्यासारखी. पण खोली कमी असल्याने उंच पायावर मोजा घोट्यासमोर ताणला जातो आणि टाच तळव्याखाली सरकते. बोटांकडूनही त्रिकोण घालता येतात: टाचेच्या आधी दोन्ही बाजूंना एका फेरीआड एक-एक टाका वाढवत न्यायचा. मात्र हे वाढवणं कुठून सुरू करायचं, हे पायाची लांबी आणि इंचाला बसणाऱ्या ओळी मोजल्याशिवाय कळत नाही. नुसते टाके मोजून चालत नाही. आमच्यातल्या एक काकू दोन्हीकडून विणतात. कुणी या वादात पडलं की त्या म्हणतात, “अगं, वरनं कर न्हाईतर फुडनं कर, टाच बसली पायजे बघ.” त्यांचं निम्मं तरी पटतं.

मधूनमधून पायात घालून बघता येतं, हा बोटांकडून विणण्याचा सगळ्यात गाजवलेला फायदा. तो खराच आहे. पण त्यासाठी पाय घरात असायला हवा. मुलगा बर्लिनला आणि तुम्ही शाहूपुरीत, तर कुणाच्या पायात घालून बघणार? बोटांकडून विणताना टाचेपाशी पोचायच्या आत पावलाची लांबी नक्की माहीत असावी लागते, कारण टाच बसली की पाऊल वाढत नाही. वरून विणताना तोच आकडा अगदी शेवटी लागतो. टाच संपवून पाऊल विणायला घ्या आणि फोन करून सावकाश विचारा, तळवा किती सेंटिमीटर आहे. दूरच्या माणसासाठी वरूनच बरं.

लहान मुलांचंही तसंच. विणलेलं कापड जिथे संपवलं त्या टोकाकडून सुळकन उसवतं, सुरुवातीच्या टोकाकडून अडकत राहतं. वरून विणलेला मोजा बोटांपाशी संपतो, म्हणून पोराचा पाय वाढला की टोक उसवा, दोन-तीन सेंटिमीटर पाऊल वाढवा, परत बंद करा. अंगठ्याने भोक पाडलं तरी हाच उपाय. बोटांकडून विणलेल्या मोज्याचं टोक फाटलं तर चांगल्या फेरीतले टाके सुईवर घेऊन खालचा भाग कापावा लागतो आणि तिथून उलट दिशेने टोक पुन्हा विणावं लागतं. होतं ते, पण कात्री लावताना हात थरथरतो. त्याऐवजी रफू केलेलं परवडलं. नळी उंच करायची असेल तर मात्र बोटांकडून विणलेला मोजा सोयीचा. पण मुलांची नळी वाढवायची गरज कितीदा पडते?

नक्षीचं थोडक्यात: पानं, फुलं, अक्षरं असलेला आलेख वरून विणण्यासाठी काढलेला असेल तर बोटांकडून विणताना तो डोक्यावर उभा राहतो. साध्या पट्ट्यांना काही फरक पडत नाही. सुया दोन्हीला त्याच, दोन्ही टोकं असलेल्या चार-पाच बारीक सुया किंवा लांब तारेची एक गोल सुई.

तर पहिलीच जोडी स्वतःसाठी, एकाच लडीत करायची असेल तर बोटांकडून करा. पाय सपाट असेल तर अर्ध्या ओळींची टाच, उंच असेल तर ती ३२ ऐवजी ३६-३८ टाक्यांवर घाला. थोडी खोली मिळते. नातवंडांसाठी, परगावच्या माणसासाठी आणि दिवसभर बुटात राहणाऱ्या पायासाठी वरून, जाड पट्टीच्या टाचेचा. टोकाची जोडणी नकोशी वाटते एवढ्या कारणासाठी वरून विणणं टाळू नका. ती दोन जोड्यांत हातात बसते.

आणखी एक प्रकार आपल्या गावाला साजेसा आहे, अंगठा वेगळा असलेला मोजा. कोल्हापुरीच्या अंगठ्यात साध्या मोज्यातला पाय शिरत नाही. ही फॅशन आजची नाही बरं. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकसला सापडलेले, इसवी सन २५० ते ४२० च्या दरम्यानचे लाल लोकरीचे असे दुबोटी मोजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ते एकाच सुईच्या वेगळ्या तंत्राने केलेले आहेत, आणि घालायचे ते चपलांबरोबरच. लोकर बारीकच हवी, नाहीतर कातड्याच्या कडीत अंगठा अडकेल. वरून विणलं तर शेवटी दोन टोकं शिवावी लागतात, म्हणजे किचनरची घोकंपट्टी दोनदा. म्हणून इथे मी बोटांकडून विणण्यालाच कौल देते. अंगठ्यासाठी १० टाक्यांनी सुरुवात करून तीन वाढींत २२, बाकीच्या बोटांसाठी २२ ने सुरुवात करून सहा वाढींत ४६. दोन्ही नळ्या शेजारी ठेवून प्रत्येकीचे २ टाके एकमेकांना जोडून टाकले की उरतात ६४, पुढे नेहमीसारखं. टाचेपर्यंत डावा-उजवा असा भेद नसतो. कुठल्या अर्ध्या टाक्यांवर टाच घालाल त्यावर तो ठरतो. दुसऱ्या मोज्याला टाच घालायच्या आधी पहिला शेजारी ठेवून बघा, नाहीतर दोन्ही डावेच निघतील.