नाना पेठेतला पाटी नसलेला ऑटो-इलेक्ट्रिशियन आणि १९६७ची फियाट

पुण्याच्या नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने रांगेने आहेत, हे पुणेकरांना सांगायला नको. त्याच गल्ल्यांमधल्या एका बोळात, एका टायरवाल्याच्या शेजारी, जेमतेम दहा बाय बाराच्या गाळ्यात एक वयस्क ऑटो-इलेक्ट्रिशियन बसतात. गाळ्यावर पाटी नाही, आणि हा अभिप्राय लिहिणार असल्याचे सांगितल्यावर नाव मात्र छापू नका, अशी त्यांनी विनंती केली, कारण हातातली कामेच त्यांना उरकत नाहीत. आसपासचे सगळे त्यांना चाचा म्हणतात, म्हणून मीही इथे तेच म्हणतो. डायनॅमोवाले चाचा कुठे बसतात, असे त्या भागात विचारले की कोणीही हात दाखवतो. डायनॅमो म्हणजे जुन्या गाडीत बॅटरी चार्ज करणारे जनित्र.

माझी गाडी म्हणजे वडिलांनी घेतलेली १९६७ची फियाट ११०० डी, जिला त्या काळी ‘डिलाइट’ म्हणत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. पुढे हीच गाडी थोड्याफार बदलांसह प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची काळीपिवळी म्हणून सर्वांच्या ओळखीची झाली. काटेकोर मंडळी १९६७च्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणू देत नाहीत, ‘क्लासिक’ म्हणायला लावतात. परंतु सरकारी नियमात पन्नास वर्षे ओलांडलेली आणि मूळ स्वरूपात राहिलेली गाडी व्हिंटेज ठरते, तेव्हा मी सरकारच्या बाजूने आहे.

गेल्या दिवाळीपासून या गाडीला तीन दुखणी जडली होती. वीस-पंचवीस मिनिटे चालल्यावर ती बंद पडायची आणि अर्धा तास थांबले की काहीच झाले नाही अशा थाटात पुन्हा सुरू व्हायची. सेल्फ मारला की इंजिन दमल्यासारखे फिरायचे आणि कधी कधी डॅशबोर्डपाशी जळका वास यायचा. रात्री दिवे इतके मंद असायचे, की समोरून येणाऱ्या सायकलस्वाराचा दिवा माझ्यापेक्षा उजळ वाटे. घराजवळच्या एका गॅरेजने, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, सहा महिन्यांत दोन बॅटऱ्या, एक इग्निशन कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी बॅटरीचे व्होल्टेज वाढवणारी गुंडाळी) आणि पॉइंटचे (त्या कॉइलचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांचे) तीन संच बदलले. शेवटी ‘आता अल्टरनेटर बसवा, जुन्या डायनॅमोत दम नाही’ असा सल्ला देऊन, म्हणजे नव्या धर्तीचे, जास्त ताकदीचे जनित्र सुचवून, त्यांनी हात वर केले. एकही भाग बदलण्यापूर्वी मीटर लावून पाहिलेला मला आठवत नाही.

चाचांकडे गाडी नेली तेव्हा त्यांनी बॉनेट उघडण्याआधी दहा मिनिटे नुसते प्रश्न विचारले. गाडी बंद पडते तेव्हा धक्के खात पडते की एकदम, बंद पडल्यावर डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा लागतो का, जळका वास सेल्फ मारतानाच येतो की एरवीही, आधीच्या कारागिराने नेमके काय काय बदलले. मग त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला तशीच सुरू ठेवायला सांगितली आणि ते दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या रिक्षाकडे वळले. सव्वीस मिनिटांनी गाडी बंद पडली. हाक मारायची वेळ आली नाही, आवाज थांबल्याबरोबर ते स्वतःच आले.

पुढचे काम पाहण्यासारखे होते, म्हणून सविस्तर लिहितो. पॉइंट ज्यात बसतात त्या डिस्ट्रिब्युटरचे झाकण त्यांनी काढले, किल्ली चालू ठेवून पॉइंट स्क्रूड्रायव्हरने उघडझाप केले आणि मला वाकून पाहायला सांगितले. पॉइंटमध्ये चांगली जाड, पांढरी ठिणगी पडत होती, आणि कॉइलच्या मधल्या वायरीतून इंजिनाच्या अंगावर पडणारी ठिणगी मात्र पिवळट आणि मरतुकडी होती. जी ठिणगी प्लगमध्ये पडायला हवी ती पॉइंटमध्ये पडते, याचा अर्थ कंडेन्सर तापल्यावर आतून तुटतो, असे ते म्हणाले. त्यांनी खिशातून वायर लावलेला दुसरा कंडेन्सर काढला, चिमट्याने कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला आणि बॉडीला जोडला, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. अर्धा तास थांबायची गरजच पडली नाही. साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा हा बोटभर डबा पॉइंट उघडताना निर्माण होणारा झटका स्वतःत सामावून घेतो आणि त्यामुळेच कॉइलमधला प्रवाह झटकन तुटून जोरदार ठिणगी तयार होते. थंड असताना तो नीट वागतो आणि तापला की आतली जोडणी सोडून देतो, त्यामुळे गार गाडीवर केलेल्या तपासणीत तो कधीच सापडत नाही.

मग पॉइंटचे तीन संच का जळले? चाचांनी नव्या कॉइलची मापे घेतली तेव्हा प्राथमिक गुंडाळीचा रोध दीड ओहमच्या आसपास निघाला. अशी कॉइल प्रवाह आवरणाऱ्या वेगळ्या बॅलास्ट रोधासोबत वापरायची असते. माझ्या गाडीला बॅलास्ट नाही, तिला तीन ओहमची कॉइल लागते. १२ व्होल्टवर तीन ओहममधून ४ अँपिअर जातात, दीड ओहममधून ८. पॉइंटच्या चिमुकल्या टोकांवर दुप्पट प्रवाह लादल्यावर ती जळणारच, आणि कॉइलही हाताला चटका देण्याइतकी तापणार. दिसायला दोन्ही कॉइल सारख्याच असतात, खोकेही सारखेच. आधीच्या गॅरेजने दिलेला नवा, महागडा भागच निम्म्या दुखण्याचे कारण होता, हे कळल्यावर मला राग आला, पण चाचांनी त्यावर एक शब्दही उच्चारला नाही. दुसऱ्या कारागिराची निंदा ते करत नाहीत, आणि मला तो गुण मोठा वाटतो.

सेल्फच्या तक्रारीसाठी त्यांनी बॅटरीला हातच लावला नाही. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी थेट इंजिनाच्या ब्लॉकवर धरून त्यांनी मला सेल्फ मारायला सांगितले. तिथे शून्याच्या जवळपास आकडा यायला हवा, फार तर पाव-अर्धा व्होल्ट. आला २.३ व्होल्ट. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध केवळ एका विणलेल्या अर्थपट्टीने येतो; माझ्या गाडीत ती पट्टी गिअरबॉक्सच्या बोल्टपाशी गंजून तीन-चार धाग्यांवर लटकत होती. सेल्फचा दीडशे अँपिअरच्या घरातला प्रवाह परतीची वाट शोधत चोक आणि ॲक्सिलरेटरच्या केबलींमधून जात होता, आणि जळका वास होता तो चोकच्या केबलच्या आवरणाचा. दोन बॅटऱ्या मी उगाच बदलल्या. नवी पट्टी आणि साफ केलेला बोल्ट, एवढ्यावर सेल्फ असा फिरू लागला, की पत्नीने गाडी नवी घेतली का, असे विचारले.

दिव्यांचे निदान त्याच पद्धतीचे होते आणि त्यात नवल कमी होते: बॅटरीवर १२.४ व्होल्ट, दिव्याच्या होल्डरवर १०.८. चोरी होत होती ती फ्यूजच्या पेटीत आणि दिव्यांच्या गंजलेल्या अर्थिंगमध्ये. या गाड्यांत चिनी मातीचे, दोन्ही टोकांना निमुळते असलेले ८ अँपिअरचे फ्यूज असतात. त्यांतल्या एकावर कोणीतरी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळला होता, हे पाहून चाचा पहिल्यांदाच वैतागले. व्होल्टेज दहा टक्के घटले की बल्बचा प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो, म्हणून दीड व्होल्टची ही गळती डोळ्यांना इतकी जाणवत होती.

डायनॅमोबाबत त्यांचे म्हणणे स्पष्ट होते. व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बाजूला ठेवून त्यांनी फील्डला (डायनॅमोतल्या चुंबकीय गुंडाळीला) थेट प्रवाह दिला; वेग हळूहळू वाढवल्यावर मीटरचा काटा चढायला हवा होता, तो नुसता थरथरत राहिला. उघडल्यावर, कार्बन ब्रश ज्यावर घासतात त्या कम्युटेटरवर खाचा पडलेल्या आणि तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक वर आलेला दिसला. लेथवर एक हलका हात मारून त्यांनी हॅकसॉच्या मोडक्या पात्याने प्रत्येक खाचेतला अभ्रक खाली खरवडला, नवे कार्बन ब्रश काचेच्या कागदावर घासून गोलाईला बसवले आणि एमरी कागद का वापरू नये हेही सांगितले: त्याची पूड वीज वाहून नेते आणि खाचांत अडकून बसते. परत बसवल्यावर बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन डायनॅमोला ध्रुव पुन्हा ‘शिकवला’. आता मध्यम वेगावर बॅटरीवर १४ व्होल्ट मिळतात. गाडी उभी असताना लाल दिवा अजूनही मिणमिणतो. डायनॅमो मंद वेगावर चार्ज करत नाही, तो त्याचा स्वभाव आहे, त्याला दोष मानण्याचे कारण नाही.

अल्टरनेटर बसवावा का, हा प्रश्न मी त्यांना विचारला. ‘रोज ऑफिसला नेणार असाल तर बसवा साहेब, रविवारी फिरवणार असाल तर डायनॅमो पुरे,’ असे त्यांचे उत्तर. मी डायनॅमोच ठेवला. २०२१च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या नियमांनुसार माझ्या गाडीची ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी करण्याचा विचार आहे. तिथे नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क आहे आणि गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, त्यामुळे अल्टरनेटरची जास्तीची ताकद मला तशीही उपयोगी नव्हती.

सुट्या भागांबाबत चाचा स्वतः थोडेच काही ठेवतात, पण काय कुठे मिळेल हे नेमके सांगतात, आणि ही सेवा मला दुरुस्तीइतकीच मोलाची वाटली. तीन ओहमची कॉइल आणि कंडेन्सर नाना पेठेतच मिळाले, मात्र चाचांच्या सल्ल्यानुसार मी दुकानात मल्टिमीटर घेऊन गेलो आणि पैसे देण्यापूर्वी कॉइल मोजली. दुकानदार हसला, पण पहिली कॉइल दीड ओहमचीच निघाल्यावर त्याने मुकाट्याने दुसरी काढून दिली. पॉइंट मागताना गाडीचे नाव सांगू नये, डिस्ट्रिब्युटरच्या अंगावरचा क्रमांक सांगावा, हेही त्यांचेच. कारण पन्नास-साठ वर्षांत कोणीतरी कधीतरी दुसऱ्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर बसवलेला असू शकतो. माझ्या गाडीत तसेच होते. निमुळते फ्यूज कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळाले. पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या, आणि त्यांच्या पोटातले स्विच, फ्लॅशर, होल्डर असे बरेच सामान भंगारवाल्यांकडे जमा झाले. ते आज मिळते, पण साठा वाढणारा नाही. ब्रश मात्र नेमक्या मापाचे कुठेच मिळाले नाहीत. चाचांनी मोठ्या मापाचे घेऊन कानशीने घासून बसवले, आणि हे करताना ब्रशचा कार्बन मऊ आहे की कडक हे नखाने ओरखडून पाहिले.

आता उणिवा. चाचा लेखी बिल देत नाहीत आणि जुन्या भागांवर कसलीही हमी देत नाहीत. दोन दिवसांत होईल म्हणाले, की आठवडा धरावा. माझ्या कामाला अकरा दिवस लागले. फोन उचलत नाहीत. जुने जळके भाग परत मागितले तर शोधून देतात, पण मागावे लागतात. शिवाय मजुरी आणि सामान मिळून झालेले ६,८०० रुपये आधी न सांगता शेवटी सांगितले. रक्कम मला वाजवीच वाटली, आधीच्या गॅरेजमध्ये तिच्या तिपटीहून जास्त घातले होते, तरी आकडा आधी कळायला हवा होता. पेट्रोलचा काटाही अजून दुरुस्त झालेला नाही. टाकीतल्या फ्लोटचा रोध तुटला आहे असे निदान त्यांनी केले, पण तो भाग शोधायला वेळ लागेल असे सांगून ते काम पुढच्या महिन्यावर ढकलले, आणि तोवर टाकीत लाकडी पट्टी बुडवून पेट्रोल मोजतो आहे.

जाणाऱ्यांसाठी एवढेच: सकाळी साडेदहाच्या आत पोचावे, त्यानंतर त्या बोळात चारचाकी वळत नाही. शुक्रवारी दुपारी गाळा बंद असतो. आणि दुखणे गाडी तापल्यावरच उठत असेल, तर गाडी तापवूनच न्यावी.