केसाळ शेवाळावर जीएफओ की कीटो?

रीफ टँकच्या (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या) खडकांवरचं हिरवं केसाळ शेवाळ उपटून उपटून मित्र कंटाळलाय. ते पोसलं जातं पाण्यातल्या फॉस्फेट आणि नायट्रेटवर. ती कमी करायला आता जीएफओचा रिअ‍ॅक्टर (दाण्यांतून पाणी फिरवणारं नळकांडं) घ्यावा की संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) कीटो, म्हणजे गुंतवळासारखं दुसरं शेवाळ, वाढवावं, इथे त्याचं अडलंय.

जीएफओ म्हणजे लोहाच्या संयुगाचे तपकिरी दाणे. ते फॉस्फेट धरतात, नायट्रेट मात्र तसंच राहतं. फरक लवकर दिसतो. पण दाणे भरले की फेकायचे, नवे आणायचे, खर्च चालूच. त्यात जुने खडक मुरलेलं फॉस्फेट सोडत राहतात. आणि उत्साहाच्या भरात जास्त घातलं की फॉस्फेट शून्यावर येतं, प्रवाळ फिके पडतात, डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्मजीवांची बुडबुडेवाली चिकट तपकिरी साय पसरू शकते. त्यापेक्षा शेवाळ परवडलं!

कीटो दोन्ही खातं. एक दिवा, थोडी जागा, अधूनमधून मूठभर काढून टाकायचं. दिवा रात्री लावला तर पीएचही कमी घसरतो. मात्र आठवडे जातात, आणि नायट्रेट शून्य असेल तर ते वाढतच नाही.

संप नसेल किंवा फॉस्फेट 0.2 पीपीएमच्या वर असेल तर जीएफओ, तेही थोडं थोडं. संप असेल आणि घाई नसेल तर कीटो. नळाचं पाणी वापरत असाल तर दोन्हींच्या आधी आरओ-डीआय (पाण्यात विरघळलेलं सगळं काढून टाकणारा फिल्टर) बसवा.