पिल्लू आजारी पडल्यावर ‘आमचेच डॉक्टर पाठवतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

कुत्र्याचं नवं पिल्लू घरी येऊन तीन-चार दिवस होतात आणि ते अचानक कोपऱ्यात जाऊन बसतं. सकाळचं खाणं तसंच पडून राहतं. दुपारी पिवळसर, फेसाळ उलटी होते आणि रात्रीपर्यंत उग्र वासाचे, रक्त मिसळलेले जुलाब सुरू होतात. मुलं रडायला लागतात. अशा वेळी बहुतेक जण पहिला फोन पिल्लू विकणाऱ्याला करतात. फसवणुकीचा दुसरा टप्पा त्या फोनपासून सुरू होतो. पहिला टप्पा पिल्लू घेतानाच होऊन गेलेला असतो, फक्त तेव्हा तो लक्षात आलेला नसतो.

विकणारा धीर देतो, ‘जागा बदलली की होतं असं. दवाखान्यात नेऊ नका, तिथे लुटतात. आमचेच डॉक्टर पाठवतो.’ तासा-दोन तासांत बॅग घेऊन एक माणूस येतो. तो स्वॅब घेतो, किटवरच्या दोन रेषा दाखवतो आणि सांगतो की पार्व्हो (पिल्लांच्या आतड्यांवर हल्ला करणारा विषाणूजन्य आजार) झालाय, बाहेरून मागवलेलं इंजेक्शन लागेल, आठ-दहा हजार आत्ता पाठवा. पैसे गेले की लेबल नसलेल्या सिरिंजमधून एक सुई टोचली जाते, कातडीखाली थोडं सलाईन सोडलं जातं आणि माणूस निघून जातो. पिल्लू दोन-चार तास तरतरीत दिसतं. सुईत स्टिरॉइड असेल तर असं होऊ शकतं. त्याने आजार हटत नाही, उलट संसर्गाशी लढायची ताकद आणखी कमी होते. सकाळी पिल्लू पुन्हा कोसळतं, तेव्हा तो फोन लागत नाही.

पार्व्होच्या विषाणूला मारणारं, सहज मिळणारं औषध नाही. अमेरिकेत २०२३ साली पार्व्होवरच्या एका मोनोक्लोनल अँटिबॉडीला (विषाणूला रोखणाऱ्या, प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रथिनाला) सशर्त मान्यता मिळाली. ‘बाहेरचं इंजेक्शन’ ऐकून अशा बातम्या आठवतात आणि माणूस विश्वास ठेवतो. म्हणून कुपी हातात घेऊन पाहा. औषधाचं नाव, बॅच नंबर, मुदत आणि कंपनी हे चारही नसतील तर सुई टोचू देऊ नका. खऱ्या उपचाराचा कणा शिरेतून दिलेलं सलाईन हा आहे. त्याच्या जोडीला उलटी थांबवणारं औषध, जिवाणूंचा संसर्ग रोखणारं अँटिबायोटिक आणि रक्तातली साखर व पोटॅशियम यांवर नजर लागते. हिशोब करून पाहा. तीन किलोच्या पिल्लाच्या अंगातलं पाणी ८ टक्के घटलं असेल, तर नुसती तूटच २४० मिलिलिटरची होते. रोजची गरज आणि चालू उलट्या-जुलाबांतून जाणारं पाणी वेगळंच. कातडीखाली एकदा सोडलेल्या १०० मिलिलिटरने हे भरून निघत नाही. शिवाय पिल्लू फार कोरडं पडलेलं असेल तर तिथलं पाणी नीट शोषलंही जात नाही. वेळेवर दाखल केलेली बरीच पिल्लं वाचतात, पण त्यासाठी साधारण तीन ते सात दिवस नीट उपचार लागतात. म्हणून ‘एका सुईत बरं करतो’ म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवा.

किटवरही डोळे मिटून विश्वास नको. पाकीट तुमच्यासमोर फोडलं जावं. स्वॅब तुमच्याच पिल्लाच्या गुदद्वारातून घेतला जावा आणि रेषा तुमच्यासमोर, किटच्या कागदावर लिहिलेल्या वेळेत उमटावी. लस नुकतीच दिली असेल तर अंधूक रेषा लसीमुळेही येऊ शकते. उलट रेषा नाही म्हणजे पार्व्हो नाही, असंही नसतं. त्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशींची मोजणी सोबत हवी. पार्व्होत त्या बहुधा घसरतात. रक्ताचे जुलाब जंतांनी होतात, कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीने होतात, आतडं आतड्यात शिरल्यानेही होतात. प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे.

मग पहिल्या तासात काय करायचं? डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून ताप मोजा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०३.५ च्या वर किंवा ९९ च्या खाली असेल तर थांबू नका. हिरडी बोटाने दाबून सोडा, दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर तशीच उभी राहिली, तर पाणी बरंच कमी झालंय. पिल्लू थंड आणि मलूल असेल तर हिरडीला थोडा मध चोळा, टॉवेलमध्ये गुंडाळा आणि निघा. उलट्या होत असताना तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. माणसांचं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन अजिबात नको. दवाखान्यात आधी फोन करून ‘पार्व्होचा संशय आहे’ सांगा, म्हणजे इतर पिल्लांपासून वेगळं बसवतील. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. रात्री कुठे कोण असतं ते आजच फोन करून विचारून ठेवा. घाईत इंटरनेटवर शोधलेला ‘२४ तास घरपोच डॉक्टर’ हा नंबरही सापळा असू शकतो. नोंदणीचे दहा रुपये भरायला लिंक पाठवली किंवा अ‍ॅप उतरवायला सांगितलं, तर फोन ठेवा.

घरी आलेल्या माणसाला नोंदणी क्रमांक विचारा. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकाचं नाव परिषदेच्या नोंदवहीत असावं लागतं. खरा डॉक्टर क्रमांक सांगतो, लेटरहेडवर औषधं लिहून देतो आणि सही करतो. विकणाऱ्याच्या माणसाकडून कागद मिळत नाही, कारण उद्या तो कागद विकणाऱ्याच्याच विरुद्ध जातो.

आता पहिला टप्पा. बाजारात ‘४५ दिवसांचं पिल्लू’ हा शब्द इतका रुळलाय की कुणाला खटकत नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या, म्हणजे ५६ दिवसांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात ४५ म्हणून ३० दिवसांचंही गळ्यात मारतात. तोंड उघडून पाहा. आठ आठवड्यांच्या सुमारास दुधाचे २८ दात आलेले असतात. मागच्या दाढा नसतील तर वय खोटं आहे असं समजा. लसीच्या कार्डावर लसीचं नाव, कुपीवरून सोललेला बॅचचा स्टिकर, तारीख, सही आणि नोंदणी क्रमांकाचा शिक्का हवा. बनावट कार्डावर स्टिकरची धूसर छायाप्रत चिकटवलेली असते, म्हणून स्टिकर नखाने खरवडून पाहा. ४५ दिवसांच्या पिल्लाच्या कार्डावर रेबीजची लसही दिसली, तर कार्ड बनावट असण्याची शक्यता मोठी, कारण ती साधारण तीन महिन्यांना देतात.

संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात. आणल्यावर एक-दोन दिवसांतच लक्षणं सुरू झाली, तर संसर्ग विकणाऱ्याकडेच झाला असं मानायला भक्कम आधार मिळतो. म्हणून तारखेसह तपासणी अहवाल, कार्डाचे फोटो, चॅट, पैसे दिल्याची नोंद आणि पिल्लाचे व्हिडिओ जपून ठेवा. पिल्लू गेलंच, तर फार जड जातं, तरी शवविच्छेदनाचा अहवाल मागून घ्या. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा, जितका उशीर तितकी रक्कम अडवणं कठीण. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं.

तक्रारीची कुणकुण लागली की विकणारा म्हणतो, ‘बदलून देतो, फक्त गाडीभाडं पाठवा.’ ते पाठवू नका. पैसे परत देतो म्हणून क्यूआर पाठवला तर स्कॅन करू नका. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. आणि पिल्लू खरंच आलं तरी ते त्याच घरात येणार, जिथे विषाणू कित्येक महिने जिवंत राहतो. फिनाइलच्या भरवशावर राहू नका. आधी विष्ठेचा अंश धुऊन काढा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं द्रावण दहा मिनिटं फरशीवर ओलं ठेवा. अंथरूण, पट्टा, लाकडी खेळणी टाकून द्या. पुढचं पिल्लू आणाल तेव्हा सोळा आठवड्यांपर्यंतचे सगळे डोस पूर्ण झालेलंच आणा.