हेल लेट लूज घ्यावा की स्क्वॉड?

दोन्ही ऑनलाइन युद्धाचे गेम, दोन्हीत पन्नास विरुद्ध पन्नास खेळाडू. दोन्हीत स्क्रीनच्या मध्यभागी निशाण्याची फुली नाही, आणि आपली गोळी समोरच्याला लागली का हे सांगणारी खूणही नाही. एक-दोन गोळ्यांत खेळ खलास. त्यामुळे 'जास्त खरा कुठला' हा प्रश्न बंदुकीवरून सोडवायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही. खरा फरक दिसतो तो मेल्यानंतर. परत मैदानात कुठून उतरायचं, ती जागा कोणी उभी केली, आणि त्यासाठी कोण कोणाशी बोललं? माझ्या मते निवड यावरून करावी.

आधी ओळख. 'हेल लेट लूज' दुसऱ्या महायुद्धाचा. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करून सुरू झाला आणि जुलै २०२१ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. 'स्क्वॉड' आजच्या काळातल्या युद्धाचा. 'बॅटलफील्ड २' या गेमच्या 'प्रोजेक्ट रिअॅलिटी' या मॉडमधून (चाहत्यांनी बदलून केलेल्या आवृत्तीतून) पुढे आलेल्या मंडळींनी तो बनवला. २०१५ च्या शेवटी अर्ली अॅक्सेसमध्ये, म्हणजे अपुराच विक्रीला, आला आणि पूर्ण व्हायला २०२० उजाडलं. ही वंशावळ खेळताना जाणवते. स्क्वॉडमध्ये नवख्याचे लाड होत नाहीत.

आता तुकडीचा आकार. हेल लेट लूजमध्ये पायदळाची तुकडी सहा जणांची, रणगाड्याची तिघांची आणि टेहळणीची दोघांची: एक स्पॉटर, एक स्नायपर. स्क्वॉडमध्ये तुकडी नऊ जणांची. हा नऊचा आकडा हवेतून आलेला नाही. आजच्या अमेरिकन पायदळाच्या तुकडीत एक लीडर आणि चार-चार जणांच्या दोन फायरटीम असतात, तेच हे नऊ. उलट महायुद्धातली अमेरिकन तुकडी बारा जणांची होती, म्हणजे हेल लेट लूज तिच्या निम्म्यावर आला. कागदावर ही सरळ तडजोड आहे. पण अनोळखी माणसांच्या तुकडीत सहा आवाज कानाला झेपतात, नऊ झेपायला लीडर मुरलेला लागतो.

शस्त्रांच्या बाबतीत मात्र हेल लेट लूजने इतिहास चांगला पकडला आहे. अमेरिकन रायफलमनकडे आठ गोळ्यांची अर्धस्वयंचलित एम-१ गॅरँड, जर्मनाकडे दर गोळीला बोल्ट ओढावा लागणारी कार-९८. मग जर्मनांनी काय करायचं? प्रत्यक्षात केलं तेच: सगळी तुकडी एमजी-४२ भोवती बांधायची. मिनिटाला सुमारे १२०० गोळ्यांच्या वेगाने ती सुरू झाली की स्क्रीन धूसर होते, नेम हलतो आणि समोरचा नुसता पडून राहतो. त्या आडून बाकीच्यांनी बाजूने सरकायचं. ही चाल नवख्यालाही तासाभरात समजते, कारण सरळ धावत गेलेला प्रत्येक जण रांगेत मरताना दिसतो.

सरळ धावत जाऊन मशीनगन बंद पाडणारे होऊन गेले, नाही असं नाही. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, आपल्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे हे मराठा पलटणीतले सेक्शन कमांडर तसे गेले. सेक्शनमधले बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले होते. ग्रेनेडने मशीनगन निकामी केली, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं, आणि मग शत्रूच्या स्नायपरच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा पराक्रमाची नक्कल या दोन्ही गेममध्ये करू नका. शेजारचा मेडिक शिव्या घालेल.

पुन्हा मैदानात उतरण्याच्या जागांकडे वळू. हेल लेट लूजमध्ये तुकडीचा लीडर आपल्या तुकडीपुरतं आउटपोस्ट लावतो, आणि सगळ्या संघाला वापरता येईल असं गॅरिसनही उभारू शकतो. गॅरिसनला सप्लाय लागतो: आपल्या हद्दीत ५०, शत्रूच्या हद्दीत १००. सपोर्टची भूमिका घेतलेल्याने पेटी टाकली की काम होतं. शत्रू अगदी जवळ पोचला की तिथून उतरणं बंद. पाठीमागे गॅरिसनची दुसरी रांग नसेल, तर सगळा संघ मुख्यालयापासून पळत यायला लागतो आणि पाच मिनिटांत एक गाव हातचं जातं. हे सगळं दहा-पंधरा लीडर आणि एक कमांडर सांभाळतात. साध्या शिपायाने दिलेल्या दिशेला जाऊन झुडपाआड पडून राहिलं तरी तो उपयोगी ठरतो.

स्क्वॉडमध्ये हीच रसद ट्रकवर लादून न्यावी लागते. तळावरून बांधकामाचं सामान आणि दारूगोळा भरायचा, चार-पाच मिनिटं रस्ता तुडवायचा, योग्य जागी रेडिओ ठेवायचा आणि सगळ्यांनी फावडं घेऊन हॅब, म्हणजे उतरण्याचं ठाणं, उभारायचं. मग कुठे संघाला उतरायला जागा मिळते. शत्रूने तो रेडिओ खणून काढला की संघाची तिकिटं, म्हणजे संघाच्या सामायिक जिवांचा साठा, कमी होतात. मेलेल्या प्रत्येक माणसाचंही तिकीट जातं, पण मेडिकने वेळेत उठवलं तर वाचतं. म्हणून स्क्वॉडमध्ये चांगला मेडिक स्नायपरपेक्षा भाव खातो. हेल लेट लूजच्या वॉरफेअर मोडमध्ये असा तिकिटांचा हिशेब नाही. तिथे पाचपैकी किती ठिकाणं ताब्यात आहेत एवढंच मोजलं जातं, त्यामुळे माणसं जीव स्वस्त समजून धावतात. जिवाची किंमत जाणवायला हवी असेल, तर इथे स्क्वॉड सरळ पुढे आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये स्क्वॉडने पायदळाच्या लढाईची मोठी फेरमांडणी केली. धावून थांबलं की नेम डुलायला लागला, अंगावर गोळीबार झाला की जवळपास काहीच मारता येईना. जुने खेळाडू यावर दुभंगले. बंदूक मुद्दाम अडाणी केली ही त्यांची तक्रार मला थोडी पटते. प्रशिक्षित सैनिकाचे हात इतके थरथरत नसावेत. पण परिणाम हवा तोच झाला: एकट्याने मैदान मारायची सोय उरली नाही आणि फायरटीमला अर्थ आला.

बोलण्याची व्यवस्था दोन्हीकडे सारखी, तीन पदरी: जवळच्यांना ऐकू जाणारा आवाज, तुकडीचा चॅनेल आणि लीडर मंडळींचा वेगळा चॅनेल. होकायंत्राचा आकडा सांगून बोलायची सवय दोन्हीत लागते. 'तिकडे, झाडामागे' असं म्हणणाऱ्याला कोणी विचारत नाही. 'दोनशे चाळीस, दगडी भिंत, मशीनगन' म्हटलं की सहा नळ्या वळतात. तोडकंमोडकं इंग्रजी चालतं. माइक नसेल तर हेल लेट लूजमध्ये निभावून जाईल, स्क्वॉडमध्ये बरेच लीडर तुकडीतून काढतात, आणि ते रास्तच आहे.

काहींचा निर्णय उपकरणावरच संपतो. घरी प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज असेल तर हेल लेट लूज. स्क्वॉड फक्त पीसीवर आहे. पीसी असेल तर १६ जीबी रॅमच्या खाली दोन्हीच्या वाटेला जाऊ नका. इथून खेळताना सर्व्हरच्या यादीत पिंग (सर्व्हरचा प्रतिसाद यायला लागणारा वेळ) बघून सिंगापूर किंवा आखाताकडचा पर्याय आधी पाहावा. सगळे सर्व्हर भरलेले नसतात, त्यामुळे रात्री तुम्ही खेळणार त्या वेळेला यादीत माणसं किती आहेत हे घेण्याआधीच तपासा.

मित्र तीन-चार असतील, आठवड्यातली एखादी रात्र ठरलेली असेल, आणि त्यातला एक जण लीडर व्हायला तयार असेल, तर स्क्वॉड घ्या. एकटे असाल, कामावरून येऊन थेट लढाईत पडायचं असेल, किंवा फॉय, कारेंतां, स्टालिनग्राड ही नावं ऐकून कान टवकारत असतील, तर हेल लेट लूज. त्यातले नकाशे जुनी हवाई छायाचित्रं आणि उपग्रहचित्रं वापरून बनवले आहेत. त्या शेताच्या बांधांआडून सरपटताना नॉर्मंडीत दोस्त फौजा का रखडल्या ते कळतं. दोन्ही घ्यायचे असतील तर हेल लेट लूज आधी.

'आर्मा रिफॉर्जर'बद्दलही विचारणा होते. तो जास्त मोकळा आहे, पण चांगला सर्व्हर मिळाला तरच मजा, म्हणून पहिला गेम म्हणून नको.

स्टीमवर घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झाल्यास पैसे परत मिळतात. हेल लेट लूजच्या वॉरफेअरचा एक सामनाच दीड तासापर्यंत चालतो. आणि स्क्वॉड घेतलात तर जेन्सन्स रेंज या सरावाच्या मैदानावर बंदुका चालवत बसण्यात ते दोन तास घालवू नका. थेट एखाद्या बोलक्या तुकडीत शिरा, लीडरला नवा आहे म्हणून सांगा आणि त्याच्या मागे-मागे राहा.