कापडी डायपर खरंच स्वस्त पडतात का? चौदा महिने वापरून झाल्यावरचा हिशोब

पहिला दीड महिना आम्ही वापरून फेकायचेच डायपर वापरले. नवजात बाळाला दिवसाला 8-10 सहज लागतात, आणि टाके दुखतायत, झोप नाही अशा दिवसांत धुणं वाढवायची ताकदच नव्हती, त्यात चूक केली असं मला आजही वाटत नाही. पण पाकिटावर पाकिटं संपायला लागली तेव्हा एका रात्री बाळाला मांडीवर घेऊनच मोबाईलवर हिशोब मांडला, दिवसाला सरासरी 6 आणि अडीच वर्षं धरली तरी साडेपाच हजारांच्या आसपास डायपर होतात. एका बाळाचे! शिवाय साईज वाढत जातो तसे पाकिटात नग कमी येतात, म्हणजे एकेक डायपर महागच होत जातो.

मग पॉकेट डायपर घेतले. बाहेरून पीयूएलचं कव्हर, म्हणजे कापडाला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो त्यामुळे ओल बाहेर येत नाही, आत मऊ अस्तर आणि मधल्या खिशात पॅड सरकवायचा. पुढच्या बटणांनी साईज कमीजास्त होतो त्यामुळे तेच डायपर पुढेही चालतात.

आता पैशांचं. मला एक कापडी डायपर साधारण 30 फेकायच्या डायपरांच्या किमतीला पडला. 20 घेतले, म्हणजे 600 डायपरांचे पैसे एकदम गेले, आणि ते टोचतात. साबण, पाणी, वीज धरून एका धुण्याचा खर्च माझ्या अंदाजाने फेकायच्या डायपरच्या पाव किमतीएवढा, तो बरेच जण धरतच नाहीत. म्हणजे एकदा बदलला की पाऊण डायपर वाचतो, दिवसाला 6 बदलले तर साडेचार. कागदावर साडेचार महिन्यांत पैसे वसूल व्हायला हवे होते, मला सहा लागले.

कारण पहिले 4 मी स्वस्त बघून घेतले होते, दोन महिन्यांत मांडीजवळचं इलॅस्टिक सैल, शू सरळ पायावरून खाली. दुकानदाराने परत घेतले नाहीत. आणि दुसरं म्हणजे मी फॅब्रिक सॉफ्टनर घालत होते! त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि पॅड पाणी पितच नाही, पाण्याचा थेंब टाकून बघितला तर तो मोत्यासारखा वरच बसून राहिला. तेव्हा वाटलं सगळेच वाया गेले. सॉफ्टनर बंद करून गरम पाण्यात तीन-चारदा धुतल्यावर पॅड परत पहिल्यासारखे झाले. रॅशचं क्रीम चोपडलं तरी असाच थर बसतो, तेव्हा मध्ये पातळ लायनर ठेवा. सुती किंवा बांबूचे नवीन पॅड आधी चार-पाच वेळा धुवा, त्याशिवाय नीट शोषत नाहीत. आणि मायक्रोफायबरचा पॅड थेट अंगाला लागू देऊ नका, त्वचा कोरडी पडते.

रात्री मात्र आम्ही अजून फेकायचाच घालतो. त्यातली सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची जेल इतकं शोषते की बाळ सकाळपर्यंत झोपतं, कापडीत मध्ये उठून बदलावं लागायचं. हा एक डायपर मी वरच्या 6 मध्ये धरलेला नाही.

काम वाढतं, हे खोटं कशाला सांगू. सकाळी बादलीचं झाकण उघडलं की वास डोळ्यात जातो. पॅड बाहेर काढायचे, शी झटकायची, आधी साध्या पाण्यात एकदा आणि मग साबणात. आमच्याकडे हे नवरा करतो, आणि घरात कुणी वाटा उचलणारं नसेल तर आधी नीट विचार करा, कारण आईचे कष्ट या हिशोबात कुठेच धरलेले नाहीत.

ड्रायर वापरला तर बचत कमी होते आणि जास्त उष्णतेने पीयूएल सुटतं ते वेगळंच. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने 2008 मध्ये केलेल्या अभ्यासात दोन्ही प्रकारांचं कार्बन उत्सर्जन जवळपास सारखंच निघालं होतं, दोरीवर वाळवले, मशीन भरून लावलं आणि दुसऱ्या बाळालाही वापरले तरच त्या अभ्यासात कापडी पुढे होते. पैशांची बचतही अशानेच वाढते.

घ्यायचेच असतील तर आधी 3-4 घेऊन बाळाच्या मांड्यांना कसे बसतात ते बघा, मग बाकीचे. ते सुरुवातीचे 4 सोडले तर माझे 16 अजून रोज वापरात आहेत, त्यातल्या दोन डायपरांचं इलॅस्टिक मागच्या महिन्यात उसवून घरीच नवीन घातलं.