गॅस फीच्या नावाखाली 79,450 रुपये गेले, थ्रीडीवाल्यांनी वाचाच

आधीच सांगतो, मी नवखा नाही. आठ वर्षं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर काम करतोय, आर्किटेक्ट लोकांचे वॉकथ्रू (इमारतीत फिरून आल्यासारखे व्हिडिओ) करून घर चालवतो. तरी 79,450 रुपये घालवून बसलोय आणि तीन आठवडे कुणाला सांगायची लाज वाटत होती.

आमचा वाईजवळचा आजोळचा वाडा पडायला आलाय, तो मी थ्रीडीत उभा केला होता. दिंडी दरवाजा, चौकातलं वृंदावन, महिरपी, छपरावरचं एकेक कौल वेगळं मॉडेल केलेलं. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याचे चार रेंडर (मॉडेलवरून बनवलेली चित्रं) ऑनलाइन टाकले आणि तिसऱ्या दिवशी एका परदेशी माणसाचा मेसेज, मला हा वाडा डीसेंट्रालँडमध्ये (इंटरनेटवरचं आभासी जग, तिथे प्लॉट असतात) गॅलरी म्हणून उभा करायचाय, चारही रेंडर एनएफटी (ब्लॉकचेनवर मालकी नोंदवलेली डिजिटल वस्तू) करून दे, प्रत्येकी 1.5 इथरला (हे एक क्रिप्टो चलन) घेतो. म्हणजे 6 इथर, तेव्हाच्या भावाने चौदा लाख! 2021 मध्ये बीपल नावाच्या कलाकाराचं डिजिटल चित्र 6.93 कोटी डॉलरला गेलेलं आमच्या लायनीत सगळ्यांच्या डोक्यात बसलंय, मग चौदा लाख मला अशक्य का वाटावेत?

पुढचं ओळखीचंच आहे. त्याने दिलेल्या साइटवरच मिंट करायचं (म्हणजे चित्राचं एनएफटी बनवायचं), त्याची गॅस फी (ब्लॉकचेनवर व्यवहार नोंदवायचं शुल्क) 14,200. क्रिप्टो एक्स्चेंजवर पीटूपीने (थेट दुसऱ्या माणसांकडून) इथर घेतलं आणि त्याने दिलेल्या ॲड्रेसवर पाठवलं, दोन तासांत चारही विकले गेले, साइटवर बॅलन्स 6.00 दिसायला लागला. काढायला गेलो तर वॉलेट (क्रिप्टोचं डिजिटल पाकीट) व्हेरिफिकेशनचे 23,750. मग भारतात क्रिप्टोवर 30 टक्के टॅक्स आहे म्हणून त्याचा पहिला हप्ता 41,500. टॅक्स खरंच 30 टक्के आहे, 2022 पासून, म्हणून तर विश्वास बसला. पण तो आपण सरकारला भरतो, कुठल्या साइटला नाही! आणि गॅस फी कुणी दिलेल्या ॲड्रेसवर पाठवायची नसते, मिंट करताना ती आपल्या वॉलेटमधून आपोआप कापली जाते. कुणी ॲड्रेस दिला की तिथेच ब्लॉक करा.

41,500 पाठवताना बहीण शेजारी होती. म्हणाली, दादा, तुझे चौदा लाख त्यांच्याकडेच आहेत ना, मग त्यातूनच का नाही कापून घेत? मी तिच्यावर खेकसलो, तुला यातलं काही कळत नाही.

पण त्याच्याही आधी कळायला हवं होतं, आणि ते माझ्याच धंद्यातलं होतं. डीसेंट्रालँडमध्ये एक प्लॉट 16 बाय 16 मीटरचा आणि त्यावर 10,000 ट्रँगलची (थ्रीडी मॉडेल ज्या छोट्या त्रिकोणांनी बनतं ते) मर्यादा. माझ्या नुसत्या छपराचे 11 लाख होते. ज्याला खरंच तिथे वाडा उभा करायचाय तो पहिल्यांदा पॉलीकाउंट (मॉडेलमध्ये असे किती त्रिकोण आहेत) विचारेल, मॉडेलची जीएलबी फाइल मागेल. या माणसाने नऊ दिवसांत एकदाही मॉडेल मागितलं नाही, त्याला फक्त चार जेपीजी पुरल्या. क्लायंटशी रोज ट्रँगलवरून वाद घालणारा मी, आणि हे माझ्या लक्षात येऊ नये? रात्री दोन-दोन वाजता हेच आठवतं.

चौथी मागणी 1,05,000 ची आली तेव्हा थांबलो. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली (लगेच करा, मी दोन दिवस घालवले), मग पोलीस स्टेशन. पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्या चॅटच्या प्रिंट आणा, 64 पानं. तिसऱ्या दिवशी हवालदार म्हणाले यूटीआर नंबर (बँक व्यवहाराचा क्रमांक) 12 अंकी असतो, हे 66 अक्षरांचं काय आणलंय? मी ट्रान्झॅक्शन हॅश (क्रिप्टो व्यवहाराचा क्रमांक) समजावतोय, तर ते ज्यांच्याकडून मी पीटूपीने इथर विकत घेतलं त्यांची खाती गोठवायच्या मागे, ज्यांनी मला व्यवस्थित माल दिला होता! चोराचा ॲड्रेस कागदावर लिहून देतोय तो कुणी वाचायला तयार नाही. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवले, एक्स्चेंज म्हणतं बाहेर गेलेलं परत येत नाही. आणि वर एक साहेब मला विचारतात, शिकलेले दिसता, मग असलं कशाला करता? मी चित्रं विकत होतो, जुगार खेळत नव्हतो. आजपर्यंत एफआयआर नाही.

साइटवरच्या आकड्यावर कधी जाऊ नका, आपल्या वॉलेटमध्ये काय आलंय ते बघा, माझ्या मेटामास्क वॉलेटमध्ये शेवटपर्यंत शून्य होतं. चोराचा तो ॲड्रेस इथरस्कॅनवर (इथरचे व्यवहार दाखवणारी साइट) टाकला तर माझ्यासारख्याच छोट्या रकमा अजूनही येताना दिसतात, परवासुद्धा एक आली. असा मेसेज कुणाला आला असेल तर पैसे पाठवण्याआधी समोरच्याचा ॲड्रेस मला पाठवा, मी ताडून सांगतो.