स्पॅनिशसाठी किनारी प्रवासकथा: वाचायच्या की ऐकायच्या?
उत्तर स्पेनच्या बंदरगावांवरच्या प्रवासकथांतून स्पॅनिश क्रियापदांचा भूतकाळ शिकायचा, तर वाचनच बरं. ‘योबिआ’ म्हणजे पाऊस पडत होता, ‘येगामोस’ म्हणजे आम्ही पोहोचलो: पहिलं दृश्य, दुसरी घटना. मराठीतला ‘पडत होता’ आणि ‘पडला’ यांतला फरक इथे आयता कामी येतो. दोन्ही प्रकारची क्रियापदं दोन रंगांनी अधोरेखित करा.

उच्चारांत मात्र छापील पान फसवतं. ‘जी’ने सुरू होणारं गाव (Gijón) निघतं खिखोन, दोन ‘एल’वालं (Llanes) यानेस! त्यासाठी दोन मिनिटांचा तुकडा तीनदा ऐका: नुसता, मजकूर बघत, मग मागोमाग बोलत. वेळ बराच जातो. शिवाय उत्तर स्पेनमधल्या अस्तुरियास प्रांताची रिमझिम ‘ओर्बायो’, बास्क भागातली ‘सिरीमिरी’. असे स्थानिक शब्द ऐकताना निसटतात, आणि स्पेलिंग माहीत नसल्यास शब्दकोशातही सापडत नाहीत.

लेखी परीक्षा देणाऱ्याने वाचावं. स्पेनचं तिकीट काढलेल्याने ऐकावं.